पिवळ्या साडीवरचा एक टक्का

९ फेब्रुवारी, रविवार

अंगणवाडीची जुनी आहार-नोंदवही अर्धी कोरी उरली होती, ती घरी आणली. आजपासून हिच्यात कार्डाची नोंद.

कार्ड काल पोस्टाने आलं. निळं, चकचकीत, त्यावर माझं नाव. हिरा सुदाम. घरातल्या विजेच्या बिलावरसुद्धा यांचं नाव आहे, म्हणून मी दोनदा बोट फिरवून बघितलं. अंजूच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायला शहापूरला गेले होते, तर बँकेतली मुलगी म्हणाली, "काकू, मोडू नका, हिच्यावर क्रेडिट कार्ड देते. लग्नाचा खर्च कार्डावर करा, प्रत्येक खर्चावर पैसे परत." ऑनलाइन घेतलं तर पाच टक्के, दुकानात घेतलं तर एक टक्का. पहिल्या दोन महिन्यांत लाखाच्या वर खर्च झाला तर कार्डाची फी माफ, नाहीतर चारशे नव्याण्णव आणि वर टॅक्स.

मी घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "फुकट कोन देतं गो?"

म्हटलं, फुकट नाही, हक्काचं. मी खर्डीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीबरोबर कढीपत्ता घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. बँक काय भाजीवालीपेक्षा मोठी लागून गेली?

पण आंधळेपणाने काही करायचं नाही. अंगणवाडीत पोरांची दर महिन्याला वजनं घेते आणि तक्त्यात हिरवा, पिवळा, लाल रंग भरते, तसंच कार्डाचंही करायचं. ११ मेला अंजूचं लग्न, किन्हवलीच्या प्रणितशी. तोवर रंग भरत जायचे, मग ठरवायचं, ठेवायचं की कात्रीने कापायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रुखवतासाठी मिक्सर आणि डिनरसेट ऑनलाइन मागवला. बेचाळीसशे. म्हणजे दोनशे दहा परत. अंजूने मोबाइलवर दाखवलं. हिरवा!

२६ फेब्रुवारी, बुधवार

खर्डीच्या किराणावाल्याकडे मशीनच नाही. नुसता स्कॅनर, आणि स्कॅनरला कॅशबॅक लागत नाही म्हणे. पाच किलोमीटर रिक्षा करून दुसऱ्या दुकानात गेले, तिथे मशीन होती. अडुसष्ट रुपये मिळाले, रिक्षाला साठ गेले. हे हसले. हसू देत. पिवळा.

२ मार्च, रविवार

बस्ता झाला. पाय दुखताहेत, पण लिहूनच झोपते.

सकाळी टेम्पोतून आम्ही बावीस जण कल्याणला गेलो. किन्हवलीहून प्रणितकडची माणसं तिथेच आली. माझा दादा, चांगो, मुरबाडकडच्या म्हसा गावाअलीकडच्या आमच्या माहेराहून पहिल्या एसटीने निघाला होता. आमच्या आधी दुकानासमोर हजर. पांढरा कडक शर्ट, डोक्याला टोपी. हा माणूस एरवी बनियनवर म्हशी धुतो. मी म्हटलं, "दादा, नवरदेव तू का?" तर लाजला.

साड्या, शर्टपीस, टॉवेल, टोप्या, चार तास चाललं. घासाघीस सगळी मीच केली. दुकानदार शेवटी पाणी प्यायला उठून गेला. सगळ्यात शेवटी मामाची पिवळी साडी. आमच्यात बोहल्यावर नवरी मामाने आणलेली पिवळी नेसते आणि मामा तिच्या मागे उभा राहतो. अंजूने हिरव्या काठाची निवडली. सात हजार दोनशे. दादाने किंमत विचारलीच नाही. साडीच्या पदरावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "झ्याक हाय."

मी मात्र गल्ल्याजवळ मनात हिशेब केला. आजवरचा सगळा खर्च कार्डावर पंच्याण्णव हजारांवर अडकत होता. मामाची साडी त्यात घातली की लाखाच्या वर. फी माफ! दुकानदाराने विचारलं, "मामांच्या साडीचं बिल वेगळं ना?" मी म्हटलं, "एकातच करा."

दादा पुढे आला. हातात रुमालाची गाठोडी. "हिरे, माजं मी येगळं देतो."

"अरे, पैसे काय, माझे नि तुझे एकच. मला नंतर दे. आधी कार्ड फिरू दे."

"नाय गो, माजं मी..."

तोवर मशीन वाजली पण. कागद बाहेर आला. प्रणितची आई शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "मंग साडी मामाची का कार्डाची?" सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्याने हसले. दादा टोपी काढून घाम पुसत होता.

खाली टेम्पोजवळ त्याने वरच्या नोटा मोजून खिशात घातल्या आणि रुमाल माझ्या हातात ठेवला. रुमालासकट. मोजले, बरोबर सात हजार दोनशे. नोटांना हळद लागलेली होती. याच्या स्वयंपाकघरात ठेवले असणार, वहिनीचा पसारा मला माहीत आहे. जेवायला थांब म्हटलं, तर म्हणाला, "म्हस यायला झालीय, जातो." त्याची म्हैस दिवाळीत व्यायली असं वहिनी म्हणाल्याचं आठवतं. दुसरी असेल.

शेरा: हिरवा, गडद हिरवा. एका फटक्यात लाखाच्या पार.

५ मार्च, बुधवार

दादाचे पैसे बँकेत भरले. कॅशिअरबाईने नाक मुरडलं. म्हणाली, "काकू, या नोटा देव्हाऱ्यातून आणल्यात का?" मी म्हटलं, भावाच्या आहेत. रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवलाय, द्यायला हवा.

२१ मार्च, शुक्रवार

स्टेटमेंट आलं. कॅशबॅक अकराशे नव्वद! यांना वाचून दाखवलं. हे पान खात होते, नुसते "हं" म्हणाले. बस्त्यापासून यांचं असंच चाललंय, काही बोलत नाहीत.

एवढ्या आनंदात दादाला विसरायचं नाही. त्या कॅशबॅकातून त्याच्यासाठी लग्नात घालायला एक छान शर्ट ऑनलाइन मागवला, थेट त्याच्या पत्त्यावर. नऊशे रुपयांचा. त्यावर परत पाच टक्के! दादा खूश होईल.

३० मार्च, रविवार. पाडवा

दर पाडव्याला दादा येतो. पिशवीभर कैऱ्या आणि घरचं तूप घेऊन, गेली पंचवीस वर्षं. आज आला नाही. दुपारी फोन लावला, वहिनीने घेतला. "ते बाहेर गेल्यात," म्हणाली. मागे दादा खोकल्याचा आवाज आला. त्याचा खोकला मला झोपेतसुद्धा ओळखू येतो.

काय झालंय या माणसाला? शर्ट मिळाला का, तेही सांगितलं नाही.

६ एप्रिल, रविवार

शर्ट परत गेला. मोबाइलवर मेसेज: "घेणाऱ्याने पार्सल नाकारले." पैसे परत, कॅशबॅकही कापलं.

राग आला. खरंच सांगते, डोकं फिरलं. बहीण प्रेमाने काही पाठवते आणि हा दारातून परत लावतो? बस्त्याला मी त्याचा एक पैसा जास्त खर्च केला नाही, उलट त्याची लाइनीत उभं राहायची दगदग वाचवली. तर हा ताठा कशाचा? अंजू म्हणाली, "आई, मामाला एकदा भेटून ये." म्हटलं, जाणारच आहे पत्रिका घेऊन, तेव्हा चांगली हजेरी घेते.

१३ एप्रिल, रविवार

काय लिहू? लिहिते.

मामाकडे पत्रिका द्यायला म्हणून गेले. देवानंतरची पहिली पत्रिका मामाला, ही आमची रीत. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून पुढे जीपने. घरी वहिनी एकटी. बाईजावहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, कधी आवाज चढवत नाही. पाणी दिलं, गूळ दिला. मी विचारलं, दादा कुठे? म्हणाली, रानात. मी म्हटलं, सकाळपासून? म्हणाली, तुमी येनार कळलं तवापासून.

मी चिडले. म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं काय ते तरी सांगा!"

वहिनीने पदराचा काठ चुरगाळला. मग बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, विसरायचे नाहीत म्हणून.

"अंजू बारावी झाली ना, त्या साली तुमच्या भावानं दोन बोकडं येगळी काढली. म्हनला, ही भाचीच्या साडीची. आजारी पडली तं रात-रात बसला त्यांच्यापाशी. म्हशाच्या जत्रेला इकली. पैसं आनलं, देवासमोर ठेवलं, हळद लावली, दीड महिना तिथंच होतं. रोज दिवा लावताना हात लावायचा. बस्त्याच्या दिशी पाहाटं उठून आंगोळ करून उचललं. आन तुमी..."

तिने पदराने डोळे पुसले.

मग म्हणाली, "गावात भाऊबंद इचारतात, चांगो, साडी घेतली का रं? हा म्हनतो, घेतली बहिनीनंच." आणि आवाज खाली आणून, "लग्नाला येनार नाय म्हनतो. म्हनला, मामाच्या जागी पोरीच्या मागं कार्ड उभं कर म्हनावं."

मी पर्समधून पैसे काढायला लागले. म्हटलं, वहिनी, हे घ्या, सात हजार दोनशे, आत्ताच परत करते. वहिनीने माझा हात धरला. "आता पैसं नका दाखवू, बाय. पैशाचं असतं तं रडनं कशाला?"

पत्रिका देव्हाऱ्यापुढे ठेवून निघाले. जीपमध्ये शेजारची बाई विचारत होती काय झालं. काही नाही म्हटलं.

१६ एप्रिल, बुधवार

तीन दिवस अंगणवाडीत पोरांना तीच गोष्ट सांगतेय, तीही अर्धवट. पोरं ओरडतात, बाई, पुढं?

आज हिशेब केला. साडी सात हजार दोनशेची, दुकानात एक टक्का. बहात्तर रुपये. फी माफ झाली ते धरून साडेसहाशेच्या आसपास. यासाठी मी माझ्या भावाला बावीस माणसांत आणि व्याह्यांसमोर बाजूला सारलं. आणि वर हसले. मोठ्याने.

यांना सांगितलं सगळं. हे म्हणाले, "मला तवाच दिसलं होतं त्याचं तोंड."

"मग बोलला का नाही?"

"मशीन वाजली होती."

माझ्याच लग्नातली पिवळी साडी ट्रंकेतून काढली. आमच्या मामाने मुरबाडला घेतली होती. मला तो दिवस आठवतो, कारण मला उकडत होतं आणि मामा बोटाला थुंकी लावून एकेक नोट गल्ल्यावर ठेवत होता. दहा-दहाच्या नोटा. दुकानदाराला परत मोजायला लावल्या. सगळी माणसं उभी. मी मनात म्हणत होते, आटप रे बाबा. आणि हा दादा, तेव्हा जेमतेम विशीतला, मामाच्या शेजारी उभा राहून एकटक बघत होता. पंचवीस वर्षं तो स्वतःची पाळी यायची वाट बघत होता की काय? मी त्याची सख्खी बहीण, आणि मला कार्ड दिसलं, तो दिसला नाही. लाज वाटते.

१९ एप्रिल, शनिवार

अंगणवाडीला रजा टाकली. कोणाला न विचारता साडी घेऊन कल्याणला गेले. फक्त अंजूला सांगितलं. तिला ती साडी फार आवडली होती, अजून घडीही मोडली नव्हती. घडी हातात घेऊन म्हणाली, "मामाने दुसरी आणली नाही तर?"

"तर काय माहीत नाही."

"मग मी पंजाबी ड्रेसवर उभी राहते," म्हणाली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. तिला रडताना मी ऐकू नये म्हणून सोडला होता.

दुकानात पोरगा म्हणाला, रिटर्न नाही, बदलून देऊ. मी भांडायला गेले होते, पण आज भांडण तोंडातून निघेना. आतून म्हातारे शेठ, बस्त्याला गल्ल्यावर होते तेच, बाहेर आले. मला ओळखलं त्यांनी, म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी टॉवेलवर टॉवेल फुकट घेतला होता." मी त्यांना खरं ते सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, साडी उलटसुलट केली आणि पोराला म्हणाले, "मशीन आण." मग माझ्याकडे बघून, "म्हणून तर मी बिल वेगळं करू का विचारलं होतं, ताई."

पैसे कार्डावर परत. बहात्तर रुपये कापले जातील. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च लाखाच्या खाली आला, फी लागेल. लागू दे.

२० एप्रिल, रविवार

पुन्हा माहेरी. दादा गोठ्यात होता, म्हशीपुढे पेंढा टाकत होता. मला बघून पळायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "दादा, अंजूला पिवळी साडी नाहीये. परत करून आले."

तो पेंढा टाकत राहिला. मी वाट बघितली. तो वळला नाही. मग मी घरात गेले. बँकेतून काढलेले सात हजार दोनशे त्याच्याच रुमालात बांधले होते. देव्हाऱ्यात ठेवले, जिथून त्याने उचलले होते तिथे. वहिनीने हळदीचा करंडा पुढे केला. मी हात लावला नाही, म्हटलं, हळद दादा लावेल, लावायची असेल तर.

निघताना गोठ्याकडे बघून म्हटलं, "माझं चुकलं रे." म्हशीच्या गळ्यातलं लोढणं वाजलं तेवढंच. मी ओटा उतरले तेव्हा तो आतूनच वहिनीला म्हणाला, "तिला चा दे. उन्हाची आलीय."

चहा घेतला. तो आला नाही.

४ मे, रविवार

चौदा दिवस झाले. फोन नाही, निरोप नाही. मी पण करत नाही. केला तर आणतोस का असं विचारल्यासारखं होईल.

सगळे विचारतात. शेजारची मंगळा म्हणाली, "अगो, शहापूरला जा नि साधी पिवळी घेऊन ठेव. आयत्या वेळी पोरगी उघडी उभी करशील का?" तिचंही खरं आहे. आणि आज नेमका मोबाइलवर मेसेज: लग्नसराई, साड्यांवर कार्डाने घेतल्यास दहा टक्के परत. मी तो मेसेज अर्धा तास बघत बसले. पिवळ्या साड्यांचे फोटो सरकवले. एक तर हुबेहूब होती, हिरव्या काठाची.

घेतली नाही. घरात दुसरी साडी असली आणि दादा आला, तर तो ती बघेल. त्याला दिसतंच सगळं.

पण नाही आला तर? अंजूचं तोंड वाळलंय. माझ्या एका हिशेबापायी पोरीच्या लग्नात हे.

कार्डाचा शेरा भरायचा राहतोय. भरवत नाही.

१० मे, शनिवार

हळद लागली. मांडवात गाणी, पोरं नाचताहेत, डीजेने कान किटलेत. किन्हवलीहून उष्टी हळद घेऊन आलेल्या बायकांनी विचारलं, मामा कुठाय? मी म्हटलं, सकाळी येतील. खोटं बोलले का खरं, मलाच माहीत नाही.

यांचा चुलतभाऊ देवराम म्हणाला, "वहिनी, चिंता करू नका, मामाच्या जागी मी उभा राहातो." चांगला माणूस आहे, पण मला त्याचा राग आला. जागा रिकामी झाल्यासारखा का बोलतो?

अंजू हळदीने माखलेली बसलीय. माझ्याकडे बघत नाही.

१२ मे, सोमवार

काल लिहायला वेळ नव्हता. आज घर रिकामं आहे, मांडववाले बांबू काढताहेत.

काल सकाळी साडेआठ झाले, नऊ झाले. मुहूर्त साडेअकराचा. अंजूचे केस बांधून झाले होते आणि ती परकर-पोलक्यावर बसली होती. ब्युटी पार्लरवाली विचारत होती, साडी कुठली नेसवू? मी पदराने वारा घेत दारात उभी होते. खरं म्हणजे मला दारातून हलताच येत नव्हतं.

सव्वानऊला जीप थांबली. आधी वहिनी उतरली, मग दादा. तोच पांढरा शर्ट, तीच टोपी. काखेत मुरबाडच्या दुकानाची कागदी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. मला ओलांडून सरळ आत गेला. अंजूच्या समोर बसला आणि पिशवी तिच्या ओटीत ठेवली.

साडी चांगली होती, पण आधीच्यासारखी नव्हती. जर्द पिवळी, लाल काठ, जरा कडक. अंजूने ती छातीशी धरली आणि म्हणाली, "मामा, एवढा उशीर?" दादा म्हणाला, "काल घेतली. देवाला दाखवून आनली. रात झाली ना मंग."

अंतरपाट धरला तेव्हा तो तिच्या मागे उभा होता. ताठ. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याने घाम पुसला नाही.

जेवणं झाल्यावर मी त्याला ताट वाढलं. समोर बसले. तो भात कालवत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही. दोन महिन्यांत तो माझ्याशी एक शब्द थेट बोलला नव्हता. मी श्रीखंड वाढलं, तेव्हा म्हणाला, "हिरे."

"काय रे?"

"दुकानदार दोनशे कमी करीत व्हता. मी नाय घेतलं. मामाच्या साडीला कमी करत नसत्यात."

बाजारात जन्म गेला माझा. कोणी दिलेली सूट सोडून आला असं ऐकलं की मी त्याला वेड्यात काढते, मग तो नवरा असो की सरपंच.

म्हटलं, "बरं केलंस, दादा."

त्याने ताट पुढे केलं आणि अजून श्रीखंड मागितलं.